अद्रास्तेइया: जिच्यापासून सुटका नाही, ती बाळ का सांभाळते?

रानजाई

नमस्कार मंडळी. खूप दिवसांपासून एका ग्रीक शब्दाने मला धरून ठेवलंय. इथे ग्रीक, संस्कृत, पुराणं, आकाशदर्शन अशा सगळ्या वाटांनी जाणारे लोक आहेत, म्हणून धागा काढते आहे. लांबेल, पण शेवटी एक खरा प्रश्न आहे.

ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या इतिहासात चौथ्या भागात एक प्रसंग येतो. पर्शियाचा राजा दारियस शकांच्या मुलखात घुसला. जाताना त्याने इस्टर नदीवर (आजची डॅन्यूब) होड्यांचा पूल बांधला आणि राखणीला आयोनियन ग्रीकांना बसवलं. दारियस अडचणीत आल्यावर शक घोडेस्वार त्या ग्रीकांकडे आले आणि म्हणाले, पूल मोडा आणि मोकळे व्हा. ग्रीकांनी गोड बोलून वेळ मारून नेली, पूल राखला आणि दारियस सुखरूप परतला. तेव्हा शकांनी त्यांच्याबद्दल जे म्हटलं ते झोंबणारं आहे. स्वतंत्र माणसं म्हणून हे जगातले सगळ्यांत नालायक आणि भेकड, पण गुलाम म्हणून पाहाल तर उत्तम: धन्यावर जीव लावणारे आणि 'अद्रेस्त'. म्हणजे पळून न जाणारे.

'अद्रेस्त' हा आयोनियन उच्चार, इतरत्र 'अद्रास्त'. सुरुवातीचा 'अ' नकाराचा, आपल्याकडे असतो तसाच. बाकीचा भाग पळण्याच्या धातूचा. गुलामाला हा शब्द लावला की तो पळत नाही. स्त्रीलिंगी होऊन देवीचं नाव झाला की अर्थाची दिशा पालटते: अद्रास्तेइया, जिच्यापासून कुणाला पळता येत नाही ती.

या दोन टोकांच्या मध्ये अद्रास्तोस नावाची माणसं उभी आहेत. ग्रीक कथांत हे नाव ज्याला मिळालं त्याची दैना ठरलेली.

इलियडच्या सहाव्या सर्गात ट्रोजनांकडचा एक अद्रास्तोस आहे. त्याचे घोडे उधळतात, रथ झाऊच्या झुडपात अडकतो, दांडा मोडतो आणि हा तोंडावर आपटतो. मेनेलाओस भाला घेऊन उभा. अद्रास्तोस त्याचे गुडघे धरून म्हणतो, जिवंत ठेव, माझ्या बापाकडे कांस्य, सोनं, लोखंड भरपूर आहे, हवी तेवढी खंडणी देईल. मेनेलाओसचं मन द्रवतं. तेवढ्यात आगामेम्नॉन धावत येतो आणि म्हणतो, यांच्यातला एकही निसटता कामा नये, आईच्या पोटातलं पोरसुद्धा नाही. आणि स्वतःच भाला खुपसतो. दुसऱ्या सर्गातल्या यादीतही एक अद्रास्तोस आहे, तो तर 'अद्रेस्तेइया' नावाच्याच मुलखाचा सरदार. त्याचा बाप मेरोप्स नावाजलेला भविष्यवेत्ता. त्याने पोरांना बजावलं होतं, या युद्धाला जाऊ नका. पोरं गेलीच. अकराव्या सर्गात डायोमिडीस दोघा भावांना मारतो.

पण मला सगळ्यांत जास्त हलवतो तो हेरोडोटसच्या पहिल्या भागातला अद्रास्तोस.

लिडियाचा राजा क्रीसस. अमाप संपत्ती. अथेन्सचा सोलोन येऊन सांगून गेला की मरेपर्यंत कुणाला सुखी म्हणू नये. क्रीससला ते पटलं नाही. सोलोन गेल्यावर, हेरोडोटस म्हणतो, क्रीससला देवाकडून मोठी 'नेमेसिस' (गर्वाबद्दलची दैवी शिक्षा) आली, कारण तो स्वतःला सर्वांत सुखी समजत होता. स्वप्न पडलं: मुलगा आतिस लोखंडी भाल्याच्या टोकाने मरेल. बापाने काय काय केलं पाहा. पोराला सैन्यातून काढलं. लग्न ठरवलं. पुरुषांच्या दालनांतले भाले, बरचे सगळे काढून कोठारात रचून टाकले, न जाणो भिंतीवर टांगलेलं एखादं शस्त्र पोराच्या अंगावर पडायचं.

लग्नाची धामधूम चालू असताना दारात एक परका उभा राहिला. हाताला रक्ताचा दोष लागलेला. क्रीससने रीतीप्रमाणे आधी त्याची शुद्धी केली आणि मग विचारलं, बाबा, तू कोण? तो म्हणाला, मी फ्रिजियाचा, मिडासचा नातू, गॉर्डियसचा मुलगा. नाव अद्रास्तोस. नकळत माझ्या हातून माझा भाऊ मेला. बापाने हाकलून दिलं.

क्रीससने त्याला ठेवून घेतलं. पुढे मिसियातले लोक गाऱ्हाणं घेऊन आले: एक अचाट रानडुक्कर शेतं उद्ध्वस्त करतंय, राजपुत्राला पाठवा. बाप नाही म्हणतो. पोरगा वाद घालतो: डुकराला हात असतात का? त्याच्याकडे लोखंडी भाला कुठला? स्वप्नात दात आला असता तर गोष्ट वेगळी. बाप हरतो. आणि सोबतीला, राखण करायला, कुणाला पाठवतो? अद्रास्तोसला. त्याची जायची इच्छा नसते, पण ज्याचं अन्न खाल्लं त्याला नाही कसं म्हणणार? डोंगरावर डुकराला घेरतात, भाले फेकतात, आणि अद्रास्तोसचा भाला डुकराला चुकून आतिसला लागतो.

प्रेतामागून तो चालत येतो, दोन्ही हात पुढे करतो आणि म्हणतो, मला या प्रेतावर मारा. क्रीससच्या घरावर एवढा डोंगर कोसळलेला असताना त्याला याची दया येते. तो म्हणतो, तूच स्वतःला शिक्षा ठोठावलीस, यात मला माझा न्याय मिळाला. दोष तुझा नाही, ज्या देवाने आधी सांगून ठेवलं त्याचा. पण अंत्यविधी आटोपून लोक पांगल्यावर अद्रास्तोस त्या थडग्यावरच स्वतःचा गळा कापतो.

या कथेत अद्रास्तोस हा पळू न शकणारा आहे, की ज्याच्यापासून क्रीससला पळता आलं नाही तो? मला दोन्ही दिसतात, आणि हेरोडोटसने नाव सोडून एका अक्षराचंही स्पष्टीकरण दिलेलं नाही.

आता प्रश्न. अद्रास्तेइया हे नेमेसिस देवीचं दुसरं नाव म्हणून प्रसिद्ध आहे, उन्मत्तांना जमिनीवर आणणारी. पण अपोलोडोरसच्या पुराणसंग्रहात आणि कॅलिमाकस कवीच्या झ्यूसस्तोत्रात हीच अद्रास्तेइया क्रीट बेटावरच्या गुहेत तान्ह्या झ्यूसला, पुढे देवांचा राजा झालेल्या बाळाला, सांभाळणारी वनदेवी आहे. बहीण इडा, बाप मेलिस्सेउस. अमाल्थिया बकरीचं दूध पाजणारी, मधाचं बोट चाटवणारी. एकच नाव दाईला आणि दंड देणारीला कसं? जाणकारांनी लिहावं.

---

पारवा

अप्रतिम! वाचनखूण साठवली आहे. क्रीससची गोष्ट शाळेत 'सोन्याचा राजा' एवढीच ऐकली होती.

---

बोरूवाला

रानजाई, सुंदर धागा. शब्दाच्या बाजूने थोडी भर.

ग्रीक धातू 'द्रा', पळणे. संस्कृतातही तोच: द्रा, द्राति, धावणे किंवा पळणे. दोन्ही भाषांना हा मूळ घरातून वारशाने आलेला आहे आणि कोशकार ही जोडी शेजारीशेजारी देतात. नकाराचा 'अ' पण सख्खा. म्हणजे 'अद्रास्त' हा शब्द आपल्या कानाला उगीच ओळखीचा वाटत नाही.

पण ग्रीकांना स्वतःला एकच व्युत्पत्ती पुरली नाही. पहिल्या शतकातला स्टोइक लेखक कॉर्नुटस तीन अर्थ देतो. एक, जिच्यापासून निसटता येत नाही ती. दोन, 'आएई' म्हणजे सदा आणि 'द्रान' म्हणजे करणे, तेव्हा सतत कार्य करत राहणारी. तीन, इथला 'अ' नकाराचा नसून विपुलतेचा, म्हणून पुष्कळ काही करणारी. शास्त्राच्या कसोटीवर दुसरी-तिसरी टिकत नाहीत. पण लोकांनी हे नाव कसं ऐकलं, ते त्यातून कळतं. 'द्रान' म्हणजेच ज्यापासून 'ड्रामा' आला तो धातू. पळणे आणि करणे हे दोन धातू उच्चाराने एवढे जवळ आहेत की ग्रीक माणसाच्या कानात 'करशील त्यापासून पळता येणार नाही' हे आपोआप जुळत असणार, असं मला वाटतं.

---

रानजाई

@बोरूवाला, द्राति माहीत नव्हतं, मनापासून आभार. 'सदा कार्य करणारी' हा अर्थ मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण मग ती वाट पाहत बसलेली देवता राहत नाही. ती दाईसारखी राबते. या प्रश्नाकडे परत येते.

---

कृष्णाकाठ

ताई, दाई आणि दंड एकत्र कसे, हे तुम्हाला कोडं वाटलं याचंच मला नवल वाटलं. आपल्याकडे सटवाई नाही का?

माझ्या आजीच्या घरी बाळंतिणीच्या खोलीत पाचवी-सहावीच्या रात्री पाटा मांडायचे, त्यावर वरवंटा, हळदकुंकू, आणि शेजारी कोरा कागद आणि टाक. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं आयुष्य लिहून जाते. बायका रात्रभर जागायच्या. तीच सटवाई बाळ झोपेत हसलं की त्याला हसवते, रडलं की तिनेच रडवलं, असंही म्हणायच्या. म्हणजे लेकराची राखणदार तीच आणि टळणार नाही असं लिहिणारीही तीच. 'पाचवीला पुजलेलं' असं आपण आजही म्हणतो ते तिथूनच. आजीला यात काही विसंगत वाटत नव्हतं.

आणखी एक विचारायचं होतं. कॅलिमाकसने अद्रास्तेइया झ्यूसला कशात निजवते म्हटलंय? पाळणा असेल तर कसला?

---

रानजाई

@कृष्णाकाठ, अंगावर काटा आला. कॅलिमाकसचा शब्द 'लिक्नोन'. म्हणजे सूप! धान्य पाखडायचं वेताचं सूप, इथे फक्त सोन्याचं. ग्रीकांकडे तान्ह्या बाळाला सुपात निजवायची रीत होती, धान्याची बरकत बाळाला लाभावी म्हणून. आपल्याकडेही कित्येक घरांत बाळाला आधी सुपात ठेवतात.

आणि खेळण्याचंही वर्णन आहे. अपोलोनिओसच्या अर्गोनाविकांच्या काव्यात अफ्रोडायटी आपल्या द्वाड पोराला, इरोसला, लाच देते: राजकन्या मेडियाला प्रेमाचा बाण मार, तुला चेंडू देईन. कोणता? झ्यूस इडा पर्वताच्या गुहेत बाळलीला करत होता तेव्हा त्याच्या लाडक्या दाईने, अद्रास्तेइयाने, बनवलेला. सोन्याची वर्तुळं, शिवण दिसत नाही अशी, वरून निळी नागमोडी रेघ. वर फेकला की ताऱ्यासारखी जळती रेषा हवेत उमटते. मला तर तो विश्वाचा गोल वाटतो, पण कवी ते म्हणत नाही, खेळणंच ठेवतो. या चेंडूपायी जो बाण सुटतो त्यातून मेडियाचं पुढचं सगळं भयंकर घडतं. दाईच्या हातचं खेळणं आणि टाळता न येणारी आपत्ती, एका ओळीत.

---

उत्तरायण

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नये.

सटवाईचं साम्य मोहक आहे, पण इथे साधा इतिहास विसरला जातोय. अद्रास्तेइया ही मुळात ग्रीक 'अटळता' नाहीच. ती आशिया मायनरमधली डोंगराची देवी आहे, रेया-किबेली या मातृदेवीच्या गोतावळ्यातली. 'फोरोनिस' नावाच्या जुन्या काव्याचा एक तुकडा उरलाय. त्यात लोखंड घडवणारे पहिले लोहार, इडा पर्वतावरचे डॅक्टिल, यांना 'डोंगरातल्या अद्रास्तेइयाचे कुशल सेवक' म्हटलंय. एस्किलसच्या हरवलेल्या 'निओबी' नाटकातल्या, भूगोलकार स्ट्रॅबोने जपलेल्या ओळींत टँटॅलस आपल्या अफाट मुलखाचं वर्णन करताना 'जिथे अद्रास्तेइयाचं स्थान आणि इडा' असं म्हणतो आणि तिथे गुरंमेंढरं हंबरतात. यात शिक्षा कुठे आहे? दंड कुठे आहे?

शिवाय इडा पर्वत दोन. एक क्रीटमध्ये, एक ट्रॉयजवळ. ट्रॉयकडच्या इडाची देवी नावासकट क्रीटच्या इडाकडे सरकली आणि झ्यूसची दाई झाली. अथेन्समध्येही ती परकी म्हणूनच येते: इ.स.पू. 429/8 च्या 'इतर देवतां'च्या खजिन्याच्या शिलालेखात तिचं नाव थ्रेसच्या बेंडिस देवीच्या जोडीला आहे. परक्या देवीचं नाव ग्रीक कानाला 'न पळता येणारी' असं ऐकू आलं, आणि मग तिला नेमेसिसच्या खुर्चीत बसवलं. दोन देवता, एक नाव. कोडं संपलं.

---

पारवा

+१ उत्तरायण. हे पटतंय.

---

कृष्णाकाठ

मला नाही पटत, पण मुद्देसूद मांडलंय.

---

रानजाई

@उत्तरायण, राग कसला, असं कुणी लिहावं म्हणूनच धागा काढला. दोन इडांचा मुद्दा पूर्ण मान्य. देवी पूर्वेकडून आली हेही मान्य.

पण नाव चिकटलं हा योगायोग असला, तरी हजार वर्षं ते का सुटलं नाही याचं उत्तर त्यात मिळत नाही. ग्रीकांना दाई वेगळी आणि नेमेसिस वेगळी करायची तर ते सहज करू शकले असते. त्यांनी केलं नाही. मला जे दिसतं ते मांडते.

गुहेत काय चाललंय? झ्यूसच्या बापाला, क्रोनसला, भविष्य कळलंय की पोटचं पोर त्याला पदच्युत करेल. म्हणून तो एकेक मूल जन्मताच गिळतोय. आई रेया शेवटचं मूल लपवते आणि क्रोनसच्या हातात कापडात गुंडाळलेला दगड देते. बाळाचं रडणं बापाला ऐकू जाऊ नये म्हणून गुहेबाहेर क्युरेटीस नावाचे सशस्त्र राखणदार ढालींवर भाले आपटत नाचतायत. आणि आत ते मूल कुणाच्या मांडीवर आहे? 'जिच्यापासून पळता येत नाही' तिच्या.

क्रोनसला ज्यापासून पळायचं होतं, तेच आत दूध पीत होतं. आपल्याकडे कंसाला गोकुळात काय वाढतंय ते कळलं नाही, तसंच. बाळाच्या बाजूने पाहिलं तर अद्रास्तेइया दाई आहे. क्रोनसच्या बाजूने पाहिलं तर तीच शिक्षा आहे. काम एकच: मूल वाढवणं. म्हणून मला तिच्यात दोन देवता दिसत नाहीत.

आणि म्हणूनच ती 'अनांके'हून वेगळी. अनांके म्हणजे निव्वळ सक्ती, जोखड. मोइरा म्हणजे वाट्याला आलेला हिस्सा. या दोघींना तुम्ही काय केलंत याच्याशी देणंघेणं नाही. अद्रास्तेइया मात्र तुमच्याच करणीला हळूहळू मोठं करते.

---

उत्तरायण

हे वाचन मला आवडलं, हे मोकळेपणाने सांगतो. कुठल्या प्राचीन ग्रंथात ते असं शब्दांत मांडलेलं नाही, एवढी नोंद असू दे. ऑर्फिक पंथाच्या कथांत मात्र तुमच्या बाजूचं काही सापडेल. तिथे अद्रास्तेइया रात्रीच्या गुहेच्या दाराशी बसून झांजा वाजवते, आणि आतून रात्रदेवता भविष्य सांगते. गुहा, दार, धातूचा नाद, सगळं क्रीटच्या कथेतलंच, पण आता आवाज लपवण्यासाठी नाही, विश्वाला नियम ऐकवण्यासाठी.

---

बोरूवाला

'अद्रास्तेइयेला नमस्कार असो' हा वाक्प्रचार राहिलाच की.

काही धाडसी बोलायच्या आधी ग्रीक माणूस हे म्हणायचा. आपण पोराचं कौतुक करताना 'दृष्ट न लागो' म्हणतो, त्या जातीचं. थिओक्रिटसच्या एका काव्यात स्वतःच्या रूपाचं कौतुक करून झाल्यावर एकजण छातीवर तीनदा थुंकतो, म्हातारीने शिकवलं होतं म्हणून. आपल्या आज्यांची थू थू आठवावी.

'बंदिस्त प्रॉमिथिअस' नाटकात खडकाला जखडलेला प्रॉमिथिअस झ्यूसला वाटेल ते बोलतो, तेव्हा भोवतालच्या सागरकन्या त्याला म्हणतात: अद्रास्तेइयेपुढे नमणारे शहाणे. तो ऐकत नाही. म्हणतो, तुम्ही नमा, मला झ्यूसची कवडीची पर्वा नाही. गंमत अशी की त्या नाटकात झ्यूससुद्धा मोकळा नाही. कोणत्या लग्नातून त्याला उलथवणारा मुलगा होईल हे गुपित फक्त प्रॉमिथिअसला ठाऊक आहे. क्रोनसवर जे आलं तेच दाराशी.

युरिपिडीसच्या नावावर असलेल्या 'ऱ्हीसस' नाटकात थ्रेसचा राजा ट्रॉयच्या मदतीला येतो आणि अद्रास्तेइयेचं नाव घेऊनच बढाई मारतो, की ग्रीकांना हाकलून तुझ्यासोबत ग्रीस लुटायला येईन. त्याच रात्री झोपेत मारला जातो. नाव घेतलं, पण नमस्कार नुसता तोंडचा.

आणि प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये, पाचव्या भागात, सॉक्रेटिस बायकांनाही राज्यरक्षक करावं वगैरे त्या काळाला न पचणारं बोलणार असतो. तो म्हणतो: ग्लाउकोन, जे बोलणार आहे त्यासाठी अद्रास्तेइयेपुढे नमतो. पुढचं वाक्य रानजाई तुमच्यासाठी: नकळत एखाद्याचा खून हातून होणं हा, न्याय आणि चांगुलपणा याबद्दल मित्रांची दिशाभूल करण्यापेक्षा लहान अपराध आहे.

---

रानजाई

नकळत खून! देवीचं नाव घेऊन लगेच नकळत खुनाची गोष्ट. अद्रास्तोस आणि आतिस प्लेटोच्या मनात असतील की नाही कोण सांगणार, पण मला आता ते वाक्य दुसऱ्या कशासाठी वाचता येणार नाही. आणि @उत्तरायण यांनी वर सांगितलेली बेंडिस आठवा: 'रिपब्लिक'मधला सगळा संवाद बेंडिसच्या उत्सवाच्या दिवशीच, पिरेअस बंदरात घडतो.

---

सोपानकाका

उशिरा आलो. वाचता वाचता एकच मनात: हा तर कर्मविपाक. करावे तसे भरावे. देवाच्या काठीला आवाज नसतो. मग नवीन काय?

---

उत्तरायण

काका, घाईने एक करू नका. हेरोडोटसची अद्रास्तोसकथा कर्मविपाक म्हणून बसत नाही. आतिसने काय केलं होतं? बापाच्या गर्वाचा दंड पोराला. आणि हेरोडोटसच सांगतो की क्रीससच्या घराण्यावर पाच पिढ्यांआधीच्या, आपल्या राजाला मारून गादी बळकावणाऱ्या गायगीसच्या पापाचं ऋण होतं. माझं कर्म मीच भोगायचं हा हिशोब तिथे नाही.

---

रानजाई

उत्तरायण यांचं हेरोडोटसबद्दल बरोबर आहे. पण काकांचं म्हणणं पुढच्या काळाला लागू पडतं.

प्लेटोच्या 'फीड्रस'मध्ये 'अद्रास्तेइयेचा कायदा' असे शब्दच आहेत. जो आत्मा देवाच्या मागोमाग जाऊन सत्याचं थोडं तरी दर्शन घेतो, तो पुढच्या फेरीपर्यंत सुरक्षित. ज्याला ते जमत नाही त्याचे पंख गळतात, तो पृथ्वीवर पडतो. मग जन्मांच्या नऊ पायऱ्या: वर तत्त्वज्ञ, मग कायद्याने वागणारा राजा, खाली येत येत वैद्य, पुजारी, कवी, शेतकरी-कारागीर, आठवा लोकांना भुलवणारा वक्ता, नववा जुलमी सत्ताधीश. परत पंख फुटायला दहा हजार वर्षं. तत्त्वज्ञानाचीच वाट तीनदा निवडली तर तीन हजार.

आणि तिसऱ्या शतकातला प्लॉटिनस तर स्पष्टच लिहितो. आईला मारणारा स्त्री होऊन जन्मेल आणि मुलाच्या हातून मरेल. स्त्रीवर बळजबरी करणारा स्त्री होऊन तेच सोसेल. यालाच अद्रास्तेइया म्हणतात, तो म्हणतो, हीच खरी न्यायाची आणि अद्भुत शहाणपणाची व्यवस्था.

काका, याला भारतातूनच उचललं असं मात्र मी म्हणणार नाही, ग्रीकांची पुनर्जन्माची परंपरा पायथागोरसपासूनची. पण एक गोष्ट खरी: प्लॉटिनसला भारतीय तत्त्वज्ञान जाणून घ्यायची ओढ होती. त्याचा शिष्य पॉर्फिरी सांगतो की त्यासाठी तो सम्राट तिसरा गॉर्डियन याच्या पर्शियावरच्या स्वारीत सामील झाला. 244 साली मेसोपोटेमियात गॉर्डियन मारला गेला आणि प्लॉटिनस कसाबसा जीव वाचवून अँटिओकला पोचला. भारत राहिला तो राहिलाच.

---

सोपानकाका

हे माहीत नव्हतं. आला असता तर कुठल्या घाटावर कुणाशी काय बोलला असता, याचा विचार करतोय. धन्यवाद, ताई.

तरी एक सांगतो. आतिसने काय केलं, हा प्रश्न आमच्या गावच्या कीर्तनातही यायचा, वेगळ्या नावांनी. त्याचं उत्तर बुवांनी कधी झटक्यात दिलं नाही.

---

ध्रुवमत्स्य

आकाशाच्या बाजूने. अद्रास्तेइया गुरूचा उपग्रह आहे! गुरू म्हणजे झ्यूस, त्यामुळे दाई अजून बाळाभोवतीच फिरते आहे.

1979 साली व्हॉयेजर 2 ने पाठवलेल्या छायाचित्रांत डेव्हिड ज्युइट आणि एडवर्ड डॅनियलसन यांना हा सापडला. दुर्बिणीतून नव्हे, तर ग्रहाजवळून गेलेल्या यानाच्या चित्रांतून सापडलेला हा पहिला उपग्रह. एवढासा, सरासरी व्यास 16 किलोमीटरच्या आसपास. गुरूच्या मुख्य कड्याच्या बाहेरच्या काठाशी फिरतो, आणि त्याच्यावरून उडालेली धूळ त्या कड्यात भर घालते.

आता तुमच्या धाग्याला लागू पडणारी गोष्ट. गुरू स्वतःभोवती दहा तासांच्या आत फिरतो, पण हा उपग्रह गुरूभोवती साधारण सात तासांतच फेरी मारतो. जो उपग्रह ग्रहाच्या स्वतःच्या फिरण्यापेक्षा वेगाने फेरी मारतो, त्याची कक्षा भरतीओहोटीच्या बलामुळे हळूहळू आत सरकते. आपल्या चंद्राचं उलट आहे, तो दूर जातोय. म्हणजे अद्रास्तेइया फार फार सावकाश गुरूकडे ओढली जाते आहे. नाव देणाऱ्यांनी झ्यूसची दाई म्हणूनच निवडलं, पण नावाचा अर्थ आपोआप खरा झाला.

शिवाय 239 क्रमांकाचा लघुग्रह अद्रास्तेइया आणि 243 क्रमांकाचा इडा, दोन्ही 1884 साली व्हिएन्नाहून योहान पालिसानेच शोधले. दोघी बहिणी एकाच वर्षी. 1993 मध्ये गॅलिलिओ यान इडाजवळून गेलं तेव्हा तिला चिमुकला उपग्रह असल्याचं दिसलं. त्याचं नाव डॅक्टिल, उत्तरायण यांनी वर सांगितलेल्या लोहारांवरून.

---

कृष्णाकाठ

दाई बाळाकडेच ओढली जातेय! काय सुंदर माहिती, ध्रुवमत्स्यदादा.

---

पारवा

हा अद्रेस्तेइया मुलूख आज कुठे आला? तिथे देऊळ वगैरे शिल्लक आहे का?

---

उत्तरायण

तुर्कस्तानात, मार्मारा समुद्राच्या दक्षिण किनाऱ्याला, बिगा द्वीपकल्पात. स्ट्रॅबो सांगतो की तिथल्या अद्रास्तोस राजाने नेमेसिसचं पहिलं देऊळ बांधलं म्हणून मुलखाला हे नाव, पण त्याच्या काळीच त्या गावात अद्रास्तेइयेचं देऊळ उरलं नव्हतं. तिथल्या मैदानातून ग्रानिकस नदी वाहते. इ.स.पू. 334 मध्ये अलेक्झांडरने आशियातली पहिली मोठी लढाई जिंकली ती याच मैदानात.

नेमेसिसचं देऊळ पाहायचं तर ऱ्हाम्नूसला जावं, अथेन्सच्या ईशान्येला, मॅरेथॉनच्या पलीकडे. प्राचीन प्रवासवर्णनकार पाउसानिआस तिथली गोष्ट सांगतो: पर्शियन सैन्याने विजयस्तंभ उभारायला पॅरोस बेटाचा संगमरवर सोबतच आणला होता. इ.स.पू. 490 ला मॅरेथॉनवर ते हरले, आणि त्याच दगडातून नेमेसिसची मूर्ती घडवली गेली. मूर्तीच्या मस्तकाचा तुकडा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

---

बोरूवाला

सगळ्यात प्रसिद्ध अद्रास्तोस मात्र धाग्यात आलाच नाही, अर्गोसचा राजा. रानजाई, तुम्ही मुद्दाम ठेवलात का?

---

रानजाई

हो, कारण तो या नावाला उलटा जातो. थीब्जवर सात सेनानी चालून गेले, सहा मेले, एकटा अद्रास्तोस निसटला, आरिऑन नावाच्या दैवी घोड्यामुळे. म्हणजे हा पळालेला अद्रास्तोस. दहा वर्षांनी त्या सातांचे मुलगे परत थीब्जवर गेले. या वेळी जिंकले, सगळे सुखरूप, मेला फक्त एक: अद्रास्तोसचा मुलगा आयगिआलेउस. म्हातारा बाप सैन्याबरोबर परत निघाला आणि पाउसानिआसच्या म्हणण्याप्रमाणे वाटेत मेगारामध्ये वार्धक्याने आणि दुःखाने गेला.

पण मेल्यावरही हा माणूस हलेना! सिक्यॉन शहराच्या भर चौकात त्याचं स्मारक होतं, लोक त्याच्या दुःखांवर समूहगीतं गात. इ.स.पू. सहाव्या शतकात तिथला सत्ताधीश क्लाइस्थेनीस अर्गोसशी भांडत होता. त्याला हा अर्गोसचा वीर शहरातून काढायचा होता. डेल्फीला कौल लावला. पुजारीण म्हणाली, अद्रास्तोस सिक्यॉनचा राजा होता, तू नुसता दगडफेक्या. स्मारकाला हात लावायची सोय राहिली नाही. मग त्याने शक्कल लढवली: थीब्जहून मेलानिप्पसला, म्हणजे ज्याने अद्रास्तोसचा भाऊ आणि जावई मारले त्या वैऱ्याला, मागवून घेतलं, नगरसभेच्या इमारतीतच त्याची जागा केली आणि अद्रास्तोसचे सगळे बळी-उत्सव त्याला देऊन टाकले. हेतू असा की वैरी शेजारी येऊन बसला की अद्रास्तोस आपण होऊन निघून जाईल. समूहगीतं तेवढी डायोनिससला दिली.

हेरोडोटसने हे सगळं पाचव्या भागात लिहिलंय. अद्रास्तोस गेला की नाही, ते लिहिलेलं नाही.